पाऊस कोण पळवतं?

निफाड, दिंडोरी, चांदवडकडे गारपीट झाली की पंचनाम्याला तलाठी येण्याआधी मोबाइलवर नकाशा येतो. काळ्या पार्श्वभूमीवर रंगीत ढग, मधोमध कोणीतरी बोटाने काढलेला लाल गोल आणि खाली मजकूर : हे नैसर्गिक नाही, हे घडवून आणलंय, सगळ्यांना पाठवा. कधी त्यात अलास्कातल्या अँटेनांचं नाव असतं, कधी विमानांचं, कधी पवनचक्क्यांचं. दुष्काळाच्या वर्षी हाच मजकूर उलटा फिरून येतो. तेव्हा ढग कोणीतरी पळवलेले असतात.

माझे मामा पिंपळगाव बसवंतजवळ द्राक्षं करतात आणि मी नाशिकला भूगोल शिकवते. त्यामुळे असा नकाशा शेवटी माझ्याकडे येतोच, सोबत एक ओळ : "बाई, हे खरं का गं?" या प्रश्नाबद्दल मला आदर आहे. ऑक्टोबर छाटणीपासून डावणी-भुरीसारख्या रोगांशी झुंजत, रात्री-अपरात्री फवारणीचा ब्लोअर लावून माणसाने माल तोडणीला आणावा आणि वीस मिनिटांत घडांचा चिखल व्हावा, त्या माणसाला "असं काही नसतं हो" म्हणून वाटेला लावणं मला अपमानास्पद वाटतं. त्यांनी विचारलंय, तर उत्तर पूर्ण द्यायला हवं.

आधी नकाशाच घेऊ. आपल्याकडचं ढगांचं रोजचं चित्र इन्सॅट-३डीआर आणि इन्सॅट-३डीएस या इस्रोच्या उपग्रहांकडून येतं. पहिला सप्टेंबर २०१६ मध्ये सोडला, दुसरा फेब्रुवारी २०२४ मध्ये. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,८०० किलोमीटरवर ते पृथ्वीबरोबरच फिरतात, म्हणून भारत त्यांच्या कायम समोर असतो. रात्री उजेड नसूनही ढग दिसतात, कारण उपग्रह तेव्हा अवरक्त किरण मोजतो, म्हणजे ढगाच्या माथ्यातून बाहेर पडणारी उष्णता. खाली येतात ते निव्वळ आकडे. त्यांना रंग देतो जमिनीवरचा संगणक, आणि कोणता रंग कशाला द्यायचा हे ते चित्र बनवणारी माणसं ठरवतात. एका संकेतस्थळावर सर्वांत थंड ढगमाथे लाल असतात, दुसऱ्यावर जांभळे, तिसऱ्यावर नुसते पांढरेशुभ्र. तापमानाच्या नकाशात तोच लाल उन्हाचा, इशाऱ्याच्या नकाशात तोच अतिवृष्टीचा. कशाला कोणता रंग दिलाय ते सांगणारी पट्टी नकाशाच्या कडेला छापलेली असते. आपल्याकडे फिरत आलेल्या चित्रात नेमकी तीच कापलेली असते, आणि बहुतेक वेळा तारीखवेळही.

मामांनी पाठवलेल्या एका चित्राचं मूळ मी शोधून काढलं आणि त्यांना पट्टीसकट दाखवलं.

"म्हणजे आपल्यावर लाल होतं ते कोणी तापवलेलं नव्हतं?"

"उलट आहे मामा. तो लाल म्हणजे सगळ्यात गार जागा. ढगाचा माथा तिथे उणे साठ अंशांच्या खाली गेला होता. ढग जितका उंच चढतो तितका त्याचा माथा गार. गारा पाडणारा ढग असाच चढतो."

ते बराच वेळ चित्र मोठं करून बघत राहिले. मग म्हणाले, "मग पट्टी कापली कशाला?" मला वाटतं, या सगळ्या प्रकरणातला हाच सर्वांत चांगला प्रश्न आहे.

जुलैत याच्या उलट शंका येते. सकाळपासून भुरभुर चालू असते, गंगापूर रोडवर गाड्यांचे दिवे लागलेले असतात आणि उपग्रहाच्या चित्रात नाशिकवर जवळपास काहीच नसतं. लगेच संदेश येतो की हा पाऊस कृत्रिम, बघा, ढगच नाहीत. ढग असतात, पण ते बुटके असतात. पावसाळी झडीच्या ढगाचा माथा दोन-तीन किलोमीटरवर, जमिनीपेक्षा फार गार नसलेला. अवरक्त चित्रात तो फिकट करडा उमटतो आणि रंग चढवलेल्या चित्रातून तर पुसलाच जातो. दिवसा घेतलेलं साध्या उजेडातलं चित्र शेजारी ठेवलं की सह्याद्रीला चिकटलेली ती सगळी गर्दी लख्ख दिसते.

काळ्या पट्ट्यांचंही तेच. नासाचे टेरा आणि अ‍ॅक्वा हे उपग्रह खूप खालून, ध्रुवांवरून फिरतात आणि एका फेरीत सुमारे २,३३० किलोमीटर रुंदीची पट्टी टिपतात. आपल्या अक्षांशावर शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये कधी कधी फट राहते. चित्रात ती काळी येते. "इथलं चित्र लपवलंय" असं म्हणणाऱ्याने दुसऱ्या दिवशीचं चित्र उघडावं, फट सरकलेली असते.

गुगलच्या नकाशावरचं शेतात "बुडालेलं" सप्तरंगी विमान तुम्ही पाहिलं असेल. उपग्रह लाल, हिरवा आणि निळा रंग क्षणाच्या फरकाने टिपतो. जमीन जागेवर असते म्हणून तिचे तिन्ही रंग एकमेकांवर नीट बसतात. उडत्या विमानाचे बसत नाहीत, एका विमानाच्या तीन रंगीत सावल्या मागेपुढे उमटतात. एकाच गावाचा अर्धा भाग हिरवा आणि अर्धा उन्हाळी दिसतो, तेव्हा दोन वेगळ्या महिन्यांतली चित्रं तिथे जोडलेली असतात. दिंडोरी-निफाडकडची अस्तर घातलेली शेततळी आणि द्राक्षबागांवरचं प्लास्टिक आच्छादन वरून कसं दिसतं ते एकदा बघा. शेकडो गडद चौकोन, पांढरे लांबट पट्टे. ज्याने नाशिक कधी पाहिलं नाही त्याला यात काय वाटेल ते दिसू शकतं. आपल्याला मात्र कोणतं तळं कोणाचं, ते सांगता येतं.

रडारविषयी जास्त बोलायला हवं, कारण "ढग इथे येऊन थांबतात" ही तक्रार रडारच्या चित्रावरून होते आणि ती करणाऱ्याला खरोखर तसं दिसत असतं. कुलाब्याचा रडार नाशिकपासून सरळ रेषेत १६० किलोमीटरच्या आसपास आहे. त्याचा झोत क्षितिजापेक्षा अर्धा अंश वर धरून निघतो आणि पृथ्वी गोल असल्याने जमीन त्याच्याखालून खाली खाली जात राहते. हिशेब केला तर नाशिकवर येईपर्यंत तो झोत सुमारे तीन किलोमीटर उंचीवर असतो, निफाडवर त्याहून वर. मघाशी सांगितलेला झडीचा बुटका ढग त्याच्या खालीच राहतो. त्यात मध्ये सह्याद्री. झोत डोंगराला अडला की डोंगरामागे पंख्याच्या पात्यासारखा रिकामा तुकडा दिसतो, सरळ रेषेत कापल्यासारखा. ढग तिथे थांबलेला नसतो, रडारची नजर थांबलेली असते. कधी कधी केंद्रापासून बाहेर जाणारी लांब चमकदार रेघ येते. रडारच्या जवळपासच्या लहरींवर चालणाऱ्या वाय-फायसारख्या यंत्रांमुळे अशा रेघा उमटतात. या रेघांना "किरण सोडले" म्हणून लाल गोल काढलेली चित्रं मी अनेकदा पाहिली आहेत.

आता पळवलेल्या पावसाकडे येते.

इगतपुरीला वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. नाशिक शहरात सातशेच्या आसपास. सिन्नर, येवल्याकडे पाचशेच्या आगेमागे. इगतपुरी ते नाशिक रस्त्याने पाऊण-एक तासाचं अंतर, आणि तेवढ्यात पाऊस चौथ्या हिश्शावर येतो. अरबी समुद्रावरून आलेला ओला वारा घाटाच्या भिंतीला धडकून वर चढतो, चढताना गार होतो आणि पाणी तिथेच सोडतो. पलीकडे उतरताना तो पुन्हा गरम होतो आणि ढग विरायला लागतात. नाशिकच्या पश्चिमेला उभं राहून पाहिलं तर त्र्यंबकच्या बाजूला आभाळ काळं आणि आपल्या डोक्यावर ऊन, हे श्रावणात रोजचं आहे. कळसूबाई-अंजनेरीची रांग हे काम कोणतंही यंत्र जन्माला येण्याच्या लाखो वर्षं आधीपासून करते आहे. येवल्याच्या शेतकऱ्याचा पाऊस कोणी घेतला असं विचारलं तर प्रामाणिक उत्तर "डोंगराने" असं आहे.

सातारा-सांगलीकडे आणि धुळ्याकडे पवनचक्क्या उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्यावरही हाच आळ आला. पात्यांसकट शे-दीडशे मीटरचा तो खांब, आणि ढगाचा तळ साधारण किलोमीटरभर वर. शिवाय पवनचक्क्या लावतात त्याच मुळी वाऱ्याच्या, पर्जन्यछायेच्या पठारांवर. पाऊस कमी असलेल्या जागी त्या दिसतात, म्हणून त्यांनीच पाऊस कमी केला असं वाटतं.

अलास्कातल्या अँटेनांची गोष्ट आकड्यांनीच सांगते. गाकोना नावाच्या गावाजवळ हार्प हे केंद्र आहे, १८० अँटेना, जास्तीत जास्त ३.६ मेगावॉट शक्ती. १९९३ मध्ये बांधायला घेतलं, २००७ मध्ये पूर्ण झालं, २०१५ पासून अलास्का विद्यापीठाकडे आहे आणि लोकांना बघण्यासाठी ते खुलंही ठेवतात. तिथल्या रेडिओलहरी ऐंशी-शंभर किलोमीटरच्या वरच्या आयनांबरावर, म्हणजे विद्युतभारित कणांच्या थरावर, काम करतात. आपले उंचातले उंच वळवाचे ढग सोळा-अठरा किलोमीटरवर संपतात, आणि त्या लहरी या खालच्या हवेतून तिला न तापवता आरपार जातात.

शक्तीचा हिशेब मी वर्गात फळ्यावर करते. शंभर चौरस किलोमीटरवर, म्हणजे निफाड तालुक्याच्या एका कोपऱ्यावर, एका संध्याकाळी २५ मिलिमीटर पाऊस पडला असं धरू. ते पाणी झालं २५ लाख घनमीटर, आपल्या धरणांच्या भाषेत ८८ दशलक्ष घनफूट. गंगापूर धरण भरतं ५,६३० ला, म्हणजे पाऊस तसा किरकोळच. पण वाफेचं पाणी होताना दर किलोमागे सुमारे २५ लाख ज्यूल उष्णता बाहेर पडते. सगळी मिळून होते १७० कोटी युनिटांच्या वर. नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या वीज केंद्रात २१० मेगावॉटचे तीन संच आहेत. तिन्ही रात्रंदिवस पूर्ण जोराने चालवले तरी इतकी ऊर्जा तयार व्हायला जवळपास चार महिने लागतील. हार्पला लागतील ५५ वर्षं. एका तालुक्याच्या कोपऱ्यातल्या एका सरीला. मुलं हा हिशेब पुन्हा स्वतः करून बघतात, आणि मला तेच हवं असतं, माझ्या शब्दावर कोणी विश्वास ठेवू नये.

विमानांच्या बाबतीत मात्र "काहीच नसतं" असं म्हणून चालणार नाही, कारण काहीतरी असतं. महाराष्ट्र सरकारने २००३ मध्ये, मग २०१५ आणि २०१९ मध्ये कृत्रिम पावसाचे प्रयोग केले. २०१५ ला औरंगाबादहून, आताच्या छत्रपती संभाजीनगरहून, विमानं उडत होती आणि आपल्या येवला तालुक्यातल्या सायगावला रॉकेटने ढगात रसायन सोडायचा प्रयोग झाला. हे सगळं जाहीर होतं, वर्तमानपत्रांत छापून येत होतं. या तंत्राचा शोध १९४६ चा. सिल्व्हर आयोडाइडच्या कणाची घडण बर्फाच्या स्फटिकासारखी असते, म्हणून अतिथंड ढगातलं पाणी त्याच्याभोवती गोठतं. ज्या ढगात बर्फ नाही तिथे मिठासारखे पाणी ओढणारे कण वापरतात. दोन्हींत आधी ढग लागतो, तोही भरलेला.

याने नेमकं किती मिळतं? पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सोलापूरला २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत याचा कसून अभ्यास केला. २७६ ढग निवडले. काहींत कण सोडले, काहींत मुद्दाम सोडले नाहीत, आणि कोणत्या ढगाच्या वाट्याला काय येणार हे आधी कोणाच्या मर्जीवर ठेवलं नाही. पुढे जमिनीवरच्या पर्जन्यमापकांनी मोजलं. वाऱ्याच्या खालच्या बाजूला सुमारे शंभर चौरस किलोमीटरवर सरासरी १८ टक्के जास्त पाऊस मिळाला. म्हणजे जिथे शंभर मिलिमीटर पडला असता तिथे ११८. दुष्काळी गावाला तेवढंही मोलाचं आहे, आणि मला त्या अभ्यासाचा अभिमान वाटतो. पण कोरड्या आभाळातून पूर आणणं किंवा वादळ उचलून शेजारच्या जिल्ह्यात ठेवणं यापासून हे फार लांब आहे. १६ एप्रिल २०२४ ला दुबई बुडाली तेव्हा सगळीकडे कृत्रिम पावसाचंच नाव घेतलं गेलं. त्याच मोठ्या वादळी प्रणालीने आधी ओमानमध्ये माणसं बुडवली होती आणि तिचा अंदाज कित्येक दिवस आधी दिला गेला होता.

सोलापूरच्या त्या वर्षांत तिकडचे शेतकरी म्हणत होते की विमान आलं की ढग पांगतात. मला हे अगदी समजतं. विमान जातंच मुळी भरलेल्या ढगाकडे. वळवाचा एकेक ढग तासाभरात वाढून विरून जातो, विमान आलं तरी आणि नाही आलं तरी. खालून बघणाऱ्याला आधी विमान दिसतं आणि मग मोकळं आभाळ. या दोन गोष्टींचा संबंध आहे की नाही हे ठरवायला ज्या ढगाकडे विमान गेलंच नाही तोही मोजावा लागतो. म्हणून तर ते काही ढग सोडून दिलेले होते.

आभाळातल्या पांढऱ्या रेघा त्याहून सोप्या आहेत. विमान नऊ-दहा किलोमीटरवरून जातं, तिथे हवा उणे चाळीसच्या आसपास. एक किलो इंधन जळलं की सव्वा किलोच्या आसपास पाण्याची वाफ बनते आणि ती तिथे लगेच गोठते. वरची हवा कोरडी असली की रेघ शेपटीएवढी राहून विरते, ओली असली की तासभर टिकते, पसरते. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी या विषयातल्या ७७ तज्ज्ञांना विचारलं होतं की गुप्त फवारणीचा काही पुरावा दिसतो का. ७६ जणांनी नाही म्हटलं. मामांना मी वेगळंच सांगितलं : फेब्रुवारीत या रेघा लांबलचक टिकायला लागल्या तर वरच्या थरात ओल आली आहे असं समजा आणि हवामान खात्याचा अंदाज उघडून बघा. उत्तर भारतावरून पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी पावसाळी हवेची प्रणाली, सरकत असेल तर तो त्यात दिसेल.

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. हवामानाला हत्यार बनवायचा प्रयत्न खरंच झाला आहे. १९६७ ते १९७२ या काळात अमेरिकेच्या लष्कराने व्हिएतनाम युद्धात शत्रूच्या रस्त्यांवर चिखल व्हावा म्हणून पावसाळी ढगांत गुप्तपणे कण सोडले. एका पत्रकाराने १९७१ मध्ये ते बाहेर काढलं, १९७४ मध्ये अमेरिकी संसदेत त्याची कबुली झाली, आणि लष्करी कामासाठी हवामान बदलायला बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार १९७८ पासून लागू आहे. संशय घेणारा माणूस वेडा नसतो, हे मला यातून पटतं. आणि खरं गुपित कसं उघडं पडतं तेही कळतं : कागद मिळतात, साक्षी होतात, तारखा असतात, नावं असतात. लाल गोलाच्या चित्राला यातलं काहीच नसतं.

गारांविषयी मला सर्वांत जास्त बोलायचं आहे, कारण तिथे अफवेमागोमाग विक्री येते. गारा फोडणाऱ्या तोफेची माहिती घेऊन एक जण मामांकडे आला होता. अ‍ॅसिटिलीन वायूचा स्फोट करायचा, धक्क्याची लहर आभाळात सोडायची, गार बनणार नाही म्हणे. हिमाचलमधल्या सफरचंदाच्या बागांत अशा तोफा बसवलेल्या आहेत. मामा चौघांत मिळून घ्यायच्या विचारात होते आणि रक्कम साधी नव्हती.

मी त्यांना अल्बर्ट स्टिगरची गोष्ट सांगितली. हाही द्राक्षवालाच, ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातल्या विंडिश-फाइस्ट्रिट्झ गावचा नगराध्यक्ष. ते गाव आज स्लोव्हेनियात आहे. त्या भागात गारपीट वारंवार बागा झोडपून काढायची. १८९६ मध्ये त्याने आभाळाकडे तोंड केलेल्या भोंग्यांच्या तोफा लावल्या, ढग दिसला की सगळं गाव बार काढायचं. त्या वर्षी गारा पडल्या नाहीत. पुढच्या वर्षीही नाहीत. बातमी पसरली आणि १९०० पर्यंत उत्तर इटलीतल्या द्राक्षबागांत हजारो तोफा उभ्या राहिल्या. बार काढताना माणसंही दगावली. मग पुन्हा गारा पडल्या, तोफा चालू असताना. कोणी म्हणे बार उशिरा झाले, कोणी म्हणे तोफ लहान पडली. शेवटी १९०२ मध्ये ग्राझला परिषद भरली आणि ठरलं की दोन देशांत एकेक जागा घेऊन सरकारी देखरेखीखाली तपासायचं. दोन्हीकडे तोफा होत्या, दोन्हीकडे गारा पडल्या. १९०५ च्या सुमाराला तो सगळा खटाटोप थांबला.

"मग दोन वर्षं कशा पडल्या नाहीत?" मामांनी विचारलं.

"तुमच्या बागेवर शेवटची गार कधी पडली होती?"

त्यांनी आठवून सांगितलं. त्याआधीची कधी, तेही सांगितलं. मध्ये बरीच वर्षं गेली होती. गारेचा पट्टा अरुंद असतो, कधी काही शे मीटर, कधी दोन-चार किलोमीटर. एकाच बागेवर ती दरवर्षी येत नाही. म्हणून तुम्ही तोफ लावा, नवस बोला किंवा काहीच करू नका, पुढची एक-दोन वर्षं बहुतेक कोरडीच जातात आणि जे केलं असेल त्याला यश मिळाल्यासारखं दिसतं. जागतिक हवामान संघटनेचं मत आजही हेच आहे की या तोफांना शास्त्रीय आधार नाही. वीज कडाडते ती गारेच्या ढगातच, कुठल्याही तोफेपेक्षा कितीतरी मोठ्याने, आणि गारा तरीही बनतातच. मामांच्या गटाने तो पैसा आच्छादनाकडे वळवला. आच्छादन महाग आहे, वाऱ्याने फाटतं, सगळ्यांना परवडत नाही. पण ते अंगावर घेतं, हे डोळ्यांनी दिसतं.

आणि तरी मामांच्या मनात जे आहे ते पूर्ण चुकीचं नाही. ते म्हणतात, "हवा पूर्वीसारखी राहिली नाही, हे कोणीतरी केलंय." २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आठवडेच्या आठवडे गारा पडल्या. २०२३ च्या नोव्हेंबरात, २६ तारखेला, घड कोवळे असताना निफाडकडे गारपीट झाली. एखाद्या गारपिटीचं खापर थेट तापमानवाढीवर फोडायला मी धजणार नाही. पण हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त वाफ धरते, आणि पडते तेव्हा ती एकदम पडते. हवेतला कार्बन डायऑक्साइड दशलक्षात ४२० भागांच्या वर गेला आहे. कारखानदारी सुरू होण्याआधी तो २८० होता. माणसाने हवामान बदललंय, यात शंका नाही. कोणी, किती कोळसा आणि तेल जाळलं याच्या नोंदी देशवार, वर्षवार उघड्या आहेत. त्यात भरपाई मागण्यासारखं पुष्कळ आहे, आणि तो राग अलास्कातल्या अँटेनांवर खर्च होतो याचं मला वाईट वाटतं.

पाण्याचंही असंच. गोदावरीचं पाणी खरोखर कोणीतरी सोडतं आणि अडवतं, गंगापूरच्या, दारणेच्या दरवाजांमधून. रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती बुडाला की नाशिककर पुराची उंची ओळखतात, आणि त्यातलं किती पाणी आभाळातून आलं आणि किती धरणातून हे क्युसेकच्या आकड्यांत सांगता येतं. २००५ च्या कायद्याने समन्यायी पाणीवाटप आलं. मेंढेगिरी समितीच्या सूत्रानुसार १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. हे सूत्र बरोबर की चूक यावर नाशिक आणि मराठवाड्यात भांडण आहे, आणि भांडण व्हायलाच हवं, कारण ते खऱ्या पाण्याबद्दल आहे.

गारपिटीच्या भरपाईचं भांडणही खरं आहे. फळपीक विम्यासाठी हवामानाचा आकडा महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्रावरून घेतात. एका मंडळात अनेक गावं. आमच्या मंडळाचं केंद्र मामांच्या शिवारापासून बरंच लांब आहे, आणि गारेचा पट्टा किती अरुंद असतो ते वर आलंच आहे. वाऱ्यापावसाची नोंद तिथली, नुकसान इथलं. म्हणून ७२ तासांच्या आत कळवणं, गट नंबर आणि वेळ लिहिणं, गारेशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढणं, हे सगळं आम्ही आता गावच्या ग्रुपवर पाठवतो. मंडळात दुसरं केंद्र बसवावं म्हणून मामांनी आणि गावच्या बागायतदारांनी तहसील कचेरीत अर्ज दिला आहे. त्याला आसपासच्या गावांत लोकांनी स्वतः मोजलेल्या पावसाचा तक्ता जोडला आहे, तारीखवार, आणि प्रत्येक आकड्यापुढे तो कोणी मोजला त्याची सही आहे.